मीठ, गंज आणि कुंभार्ली घाट

माझ्या बहिणीच्या साताऱ्यातल्या घरात काही म्हणता काही गंजत नाही. खिडकीचे गज, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक, तिच्या लग्नात आलेलं शिलाई मशीन, भावोजींचा एसटीतला बिल्ला, सगळं जसंच्या तसं. मशीनला ती वर्षातून एकदा तेल देते, तेही सवय म्हणून. मिठाच्या बरणीत चमचा घातला की मीठ सळसळत खाली येतं. पापड रात्रभर उघडे राहिले तरी सकाळी कुडकुडीत. मी दर हिवाळ्यात तिच्याकडे जाते आणि दर हिवाळ्यात आमचं या एका विषयावरून वाजतं. ती म्हणते, "बघ, घर असावं तर असं." मी म्हणते, "हे घर आहे की वस्तुसंग्रहालय?"

आमच्या गुहागरला असली चैन नाही. घराच्या मागे वाडी, वाडीच्या मागे सुरूची रांग, आणि त्यापलीकडे लगेच समुद्र. वारा सुटला की खारी हवा थेट माजघरापर्यंत येते आणि वाटेत सापडेल ते लोखंड खाते. गजांना दिवाळीला रंग काढावा, तर पुढच्या दिवाळीला रंगाखाली फुगवटे. बोटाने दाबलं की आतून तांबडा भुगा सांडतो. बिजागऱ्या, कड्या, फ्रिजचे पाय, सायकलची चेन, कशाचीच सुटका नाही. टीव्ही दुरुस्त करणारा आमच्याकडे यायचं झालं की फोनवर आधी विचारतो, "घर समुद्राच्या अंगाला आहे का?" आणि मग दर सांगतो. थंडीत आमच्याकडेही हवा जरा कोरडी होते हे खरं, पण ती आमच्या हिशेबाने कोरडी. साताऱ्याच्या माणसाला ती दमटच वाटेल.

हे गेल्यापासून त्या घरात मी एकटी. मुलगा पिंपरीला, सून तिथेच नोकरीला, नातीची शाळा. ताई आणि मुलगा एरवी एकमेकांचं फारसं ऐकत नाहीत, पण या बाबतीत त्यांची युती आहे. एवढ्या मोठ्या घरात एकटीने कशाला राहायचं? थंडी साताऱ्याला काढ, उन्हाळ्यात पिंपरीला ये, आणि पावसाळ्यात तर या वयात कोकणात राहूच नये. अशी बारा महिन्यांची वाटणी होते आणि त्यात गुहागर कुठेच बसत नाही. मी ऐकून घेते. थंडीपुरतं ताईचं ऐकतेसुद्धा, त्याला मुख्य कारण भोगीची भाजी.

हे कबूल करायला हवं की भोगी करावी ती घाटावरच्यांनी. आमच्याकडे बाजारात जे मिळेल ते एकत्र शिजवून त्याला भोगी म्हणायचं. साताऱ्याच्या मंडईत त्या दिवसांत पावटा, ओला हरभरा, घेवडा, मटार, गाजरं, बोरं, काटेरी वांगी यांचे ढीग लागलेले असतात. ताई शेंगा सोलायला आदल्या दुपारपासून बसते आणि सोलताना तिच्या तोंडाला जराही विश्रांती नसते. भाजीत तिळाचं कूट, नवा गूळ, वर तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. मी एरवी दीड भाकरीची बाई, पण त्या दिवशी माझ्या भाकऱ्या कोणी मोजू नयेत.

मीही मोकळ्या हाताने जात नाही. वर जाताना पिशवीत नारळ, आमसुलं, कुळथाचं पीठ, आणि तळाशी सोडे. सोडे आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग वर्तमानपत्रात, मग झाकणाच्या डब्यात आणि डब्याला वरून फडकं. इतकं करूनही पाटण मागे पडलं की बसमधली एखादी बाई नाक उडवत इकडेतिकडे बघायला लागते. मी तेव्हा खिडकीबाहेर बघते. साताऱ्याची काटेरी वांगी आणि गुहागरचे सोडे एका पातेल्यात पडले की ताईला तिचं सगळं बालपण आठवतं, आणि मग दोन्ही बाजूंच्या खिडक्या लावून घेतल्या जातात, कारण वरच्या मजल्यावर माळकरी कुटुंब राहतं.

ताईचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. किल्ला गावाच्या दक्षिणेला आणि थंडीत सूर्यही दक्षिणेकडे झुकलेला, त्यामुळे त्या गल्ल्यांत ऊन उशिरा पोचतं. बाकीचं सातारा अंग शेकत असतं तेव्हा आम्ही सावलीत कुडकुडत असतो. पहाटे पारा दहा-बाराच्या आसपास. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याचा फोटो दर हिवाळ्यात पेपरात येतो. भावोजी तो मोठ्याने वाचून दाखवतात आणि स्वेटरवर आणखी शाल घेतात. पोवई नाक्यापर्यंत चालून यायचं ठरवतात आणि राजवाड्यापाशी चहा पिऊन परत येतात.

माझं अंग मात्र त्या हवेला सरावत नाही. चार दिवसांत ओठ फुटतात, पाठ खाजते, टाचांना भेगा पडतात. त्यासाठी कोकमाच्या बियांचं मुठेल मी घरूनच नेते. पांढरा घट्ट गोळा असतो. सुरीने थोडं खरवडून पळीत घ्यायचं, पळी गॅसवर धरायची, क्षणात पाणी होतं. ते कोमट असतानाच भेगांत भरायचं आणि जुने मोजे घालून झोपायचं. भावोजी म्हणतात, "मेव्हणीबाई, आमच्या साताऱ्यात क्रीम मिळतं हो." मिळत असेल. पण त्यांच्याही टाचांना मी एका रात्री मुठेल लावून दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी गोळा कुठे ठेवलाय ते विचारलं.

पाहुणी म्हणून राहण्यात सुख आहे हे मी नाकारत नाही. पहिली भाकरी माझ्या पानात. अंघोळीचं पाणी आधी मला. भांड्याला हात लावला तर ताई ओरडते. पण दहा-बारा दिवसांनी हात शिवशिवायला लागतात. त्या घरात माझ्याजोगं काही कामच निघत नाही. जे जिथे ठेवलंय ते तिथेच आहे आणि पुढच्या वर्षीही तिथेच असणार. मी पडद्याची निसटलेली हुकं लावून टाकते, डाळी निवडते, निवडलेल्या पुन्हा निवडते. मग ताईच्या लक्षात येतं आणि ती म्हणते, "चल, तुला समुद्र दाखवून आणते."

तिचा समुद्र म्हणजे बामणोली. यवतेश्वरचा घाट चढून कास पठारावरून पलीकडे उतरायचं. ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत ज्या कासला फुलांसाठी माणसांची रांग लागते, त्या कासला थंडीत कोणी बघायलाही थांबत नाही. पिवळं पडलेलं गवत, उघडा कातळ. मला ते तसंच जास्त आवडतं. आमच्याकडच्या सड्यांची आठवण येते. तलाव ओलांडून रस्ता खाली उतरतो आणि बामणोलीला अचानक पुढ्यात पाणी पसरतं. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय. होड्या, लाइफ जॅकेटं, तापोळ्याकडे जाणारे पर्यटक, भजी, सगळा थाट आहे.

"घे तुझा समुद्र," ताई म्हणाली.

मी पाण्यात हात घातला. गोडं पाणी, आणि त्याला कसला म्हणून आवाज नाही. काठाला तांबड्या मातीचे उघडे पट्टे दिसत होते, पाणी टप्प्याटप्प्याने उतरत गेल्याच्या खुणा. इथे पाणी पावसाळ्यात एकदा चढतं आणि मग जूनपर्यंत उतरतच जातं. दिवसातून दोनदा भरती बघायची सवय असलेल्या माणसाला हे फार संथ वाटतं. होडीवाला म्हणाला, "उन्हाळ्यात पाणी लई खाली गेलं का जुन्या गावाची जोती उघडी पडत्यात." त्याच्या आजोबांचं घर त्यातच कुठेतरी होतं. त्या खोऱ्यातली माणसं धरणामुळे कुठे कुठे पांगली, सोलापूरकडे, सांगलीकडे, काही आमच्या कोकणातही. हे तो अगदी सहज सांगत होता, वल्हं मारता मारता.

काठावर भावोजींनी शेंगा सोलत एक गोष्ट सांगितली, जी मला अर्धवट माहीत होती. सातारा जिल्ह्यातल्या नद्या पूर्वेला जातात. कृष्णा, वेण्णा, उरमोडी, तारळी, सगळ्या. महाबळेश्वरचा डोंगर अरबी समुद्रापासून साठ-सत्तर किलोमीटरवर, पण तिथे उगवलेली कृष्णा समुद्राकडे पाठ करून सांगली, कर्नाटक, आंध्र असं अख्खं दख्खन तुडवत बंगालच्या उपसागराला जाते. कोयनाही तशीच. डोंगराच्या कडेकडेने दक्षिणेला येते, हेळवाकला पूर्वेकडे वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. माणसाने तिला अडवलं आणि तिचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला काढलं. पोफळीला जमिनीखाली वीजघर आहे, तिथे ते साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरून कोसळतं. पुढे कोळकेवाडीला पुन्हा अडवून पुन्हा त्याच्यावर वीज काढतात. सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट. धरणाची साठवण १०५.२५ टीएमसी, त्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे सोडायची मुभा कृष्णा पाणीवाटप लवादाने दिलेली आहे. वीज काढून झालेलं पाणी, ज्याला सगळे अवजल म्हणतात, ते चिपळूणला वाशिष्ठीत जातं.

"आणि वाशिष्ठी दाभोळला," मी म्हणाले.

"म्हणजे तुमच्याकडेच. आता बोला."

खरंच होतं. वाशिष्ठीची खाडी दाभोळ आणि अंजनवेल यांच्या मधून समुद्राला मिळते. अंजनवेल आमच्याच तालुक्यात. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला जाताना मी ज्या पाण्यावरून जाते, त्यात या बामणोलीचं पाणी असतं. दुष्काळी वर्षात सांगलीकडचे लोक, ज्यांची टेंभू-ताकारीची उपसा पंपं वरच्या पाण्यावर डोळे लावून असतात, म्हणतात की आमचं पाणी समुद्रात सोडून देता. त्यांचंही चूक म्हणवत नाही. माण-खटाव-आटपाडीचा उन्हाळा ज्याने बघितलाय तो चूक म्हणणार नाही. पण चिपळूणला मे महिन्यात वाशिष्ठी वाहती दिसते ती याच पाण्याने. ते मुंबईला न्यायचं, नाही तर कोकणातच फिरवायचं, अशा योजना भावोजी कित्येक वर्षं पेपरात वाचतायत.

भावोजींनी टरफलं झटकली आणि म्हणाले, "आपणही आता अवजलच, मेव्हणीबाई. वीज काढून झाली. आता कुठल्या नदीत सोडायचं ते पोरं ठरवणार."

ताईने त्यांना "काहीतरीच बोलायचं" म्हणून गप्प केलं. पण मला हसू आलं, आणि मग बराच वेळ ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण अवजलाला आपलं मत विचारत नाहीत हे खरं, पण उताराची दिशा त्यालाही असते.

परत जायचा विषय काढला की ताईची एक ठरलेली चाल असते. आधी संक्रांत होऊ दे म्हणते. संक्रांत झाली की रथसप्तमी. रथसप्तमी झाली की दासनवमीला सज्जनगडावर जाऊ, मग जा. दासनवमी झाली की चार-पाच दिवसांवर महाशिवरात्र. असं करत करत तिला मला शिमग्यापर्यंत आणायचं असतं आणि शिमग्याला मी थांबणार नाही हे तिलाही ठाऊक असतं. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. पालखी दारात आली आणि दाराला कुलूप, हे आमच्या घरात कधी घडलेलं नाही. या वर्षी मी रथसप्तमी झाल्यावर बॅग भरली. ताई रुसली, आणि रुसून शाळू निवडायला बसली, मला द्यायला.

उतरतानाची पिशवी चढतानाच्या पिशवीपेक्षा नेहमी जड. शाळू ज्वारी, कोरेगावचा वाघ्या घेवडा, गुळाची ढेप, आलं, आणि कंदी पेढे, जे मुळात शेजारपाजाऱ्यांसाठी असतात. वाटेत खायला पेरू आणि कागदाच्या पुडीत तिखटमीठ. भावोजी स्टँडवर सोडायला आले. पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे त्यांना आता एसटी फुकट. "नोकरीत असताना पासवर फिरलो, आता सरकार फिरवतंय. तिकीट काढायची वेळ आलीच नाही आयुष्यात." मला बाई म्हणून अर्धं तिकीट. त्यांनी पिशवी स्वतः वर चढवली, ड्रायव्हरला दोन शब्द बोलले. तो पोरगा त्यांच्या नातवाच्या वयाचा, पण ऐकून घेतलं बिचाऱ्याने.

हायवेवर नागठाणे, उंब्रजपर्यंत रडतखडत. गळीत हंगाम ऐन भरात. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बाहेर लोंबणारं उसाचं वाढं, आणि ट्रॅक्टरवर लावलेल्या स्पीकरची गाणी, जी ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतात. उंब्रजला गाडी उजवीकडे वळली आणि मोकळी झाली. मल्हारपेठ, पाटण. वर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या. माझ्या शेजारी नर्सिंगला शिकणारी एक मुलगी होती, सावर्ड्याची. ती पूर्ण वेळ फोनवर कोणाशी तरी भांडत होती आणि मध्येच फोन बाजूला धरून मला म्हणाली, "काकी, पेरू छान आहे."

कोयनानगर आलं की मला ताईच्या लग्नाआधीचे दिवस आठवतात. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. मी तेव्हा लहान होते. गुहागरलाही घर हललं, फळीवरची भांडी खाली आली, आईने आम्हाला ओढत अंगणात नेलं. वडील मात्र आधी वाडीत पळाले, समुद्र कुठवर आलाय बघायला. समुद्र जागच्या जागी होता. नंतर कळलं की कोयनानगर झोपलं. तीन-चार वर्षांनी ताईला साताऱ्याचं स्थळ आलं, तेव्हा आजी हटून बसली होती, "भूकंपाच्या वाटेवर मुलगी देता?" सातारा तिथून बरंच लांब आहे हे तिला कोणी पटवू शकलं नाही. शेवटी मुलगा एसटीत आहे, सरकारी आहे, आणि चिपळूणच्या गाडीवर असल्याने मुलीची खुशाली कळत राहील, एवढ्यावर ती राजी झाली. आणि तसं झालंही. भावोजी चिपळूणला गाडी लावायचे आणि गुहागरच्या गाडीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी द्यायचे. ताईला मुलगा झाल्याची बातमी आमच्याकडे तारेने नाही, एसटीने आली.

हेळवाकच्या पुढे कुंभार्ली घाट. भावोजींचा घाटाचा नियम असा की ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर, आणि उतरताना प्रवाशांशी बोलू नको. हा ड्रायव्हर एकंदरीत दोन्ही पाळत होता. माथ्यावर अजून धुकं रेंगाळलेलं, करवंदीच्या जाळ्यांवर रस्त्याची धूळ. पहिल्या वळणांनंतर कानात दडे बसले. मग स्वेटर नकोसा झाला. घाटाच्या निम्म्यात मी तो काढून मांडीवर घेतला, खिडकी सरकवली, आणि जी हवा आत आली ती जाड होती. तिला वजन होतं. वरच्या हवेत वास येतो तो कशाचा तरी येतो, धुराचा, गुळाचा, शेणाचा. इथे हवेलाच वास असतो. पोफळी आली. रस्त्यावरून काही दिसत नाही, पण इथेच कुठेतरी डोंगराच्या आत बामणोलीचं पाणी माझ्या बरोबरीने खाली येत होतं. ते माझ्या आधी पोचणार होतं, त्याला चिपळूणला गाडी बदलायची नव्हती.

चिपळूणला बहादूरशेख नाका, वाशिष्ठीचा पूल. पाणी भरपूर. २२ जुलै २०२१ ला हीच नदी बाजारपेठेत शिरली होती, दुकानांच्या पहिल्या मजल्याला टेकली होती. स्टँडवर गुहागरची गाडी लागलेलीच होती. पुढचा रस्ता तोंडपाठ. रामपूर, मार्गताम्हाने, शृंगारतळी. शृंगारतळीला निम्मी गाडी उतरते आणि निम्मी चढते, बाजार हातात घेऊन. त्यात कोणीतरी ओळखीचं निघतंच. "काय, सातारला होतात? तब्येत सुधारली." म्हणजे वजन वाढलंय.

मोडकाआगर सोडलं की गुहागर. बाहेरून आलेल्यांना वाटतं गाव आलं की समुद्र दिसेल. तो दिसत नाही. लांबच लांब एक रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या. समुद्र गावाच्या पाठीमागे दडलेला. व्याडेश्वराच्या आसपास उतरून खालच्या पाटाकडे चालायला लागावं, रिक्षाचा आवाज जरा थांबावा, मग गाज ऐकू येते. ती ऐकायला मी काही थांबले नाही. हातात दहा किलोची पिशवी होती.

कुलूप अडकलेलं होतं. हे अपेक्षितच. शेजारची सून खोबरेल तेलाची वाटी घेऊनच आली. किल्लीला तेल लावून हलवत हलवत शेवटी उघडलं. आत जमिनीवर वाळूचा पातळ थर, पाऊल उमटेल इतका. दारं-खिडक्या सगळ्या बंद असताना वाळू कुठून येते हे मला आजवर कळलेलं नाही. मागच्या दाराची कडी काढली तर तळहातावर तांबडा पट्टा उमटला. देवघरातल्या काड्यापेटीतल्या तीन काड्या घासून घासून वाया गेल्या, चौथी पेटली. कपाटातल्या साड्यांना वास. न्हाणीघराच्या दाराची खालची बिजागरी पार गेलेली, दार एका अंगावर लटकत होतं. वाडीत झावळ्या पडलेल्या, पोफळांचे घड पिकून खाली आलेले, आणि शेजारच्या सुनेने प्रामाणिकपणे सांगितलं, "काकी, सतरा नारळ पडले. पाच आम्ही वापरले. बारा पडवीत ठेवलेत."

मी पदर खोचला. केरसुणी घेतली. वाळू आधी माजघरातून ओटीवर, ओटीवरून पडवीत, पडवीतून अंगणात. पाठ भरून आली, पण साताऱ्यात जी शिवशिव होती ती कुठल्या कुठे गेली. ताईच्या घराला माझी गरज नाही, आणि खरं सांगायचं तर त्या घराला ताईचीही फारशी गरज नाही. ती दोन महिने इकडे आली तरी तिचं मशीन, तिची ट्रंक, तिचं मीठ तसंच राहील. माझं घर दोन महिने सोडलं तर परत जायला निघतं, वाळूकडे. त्याला दर दिवशी कोणीतरी धरून ठेवावं लागतं. मुलगा म्हणतो, आई, तू त्या घरासाठी राबतेस. त्याला वाटतं ही तक्रार आहे. आणि वर तो म्हणतो ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवू, पीव्हीसीचं दार लावू. बसवेलही. न्हाणीघराला पीव्हीसीचं दार लावायला माझी आता ना नाही, बिजागऱ्यांचा खर्च मी जोडून बघितलाय. पण सगळंच न गंजणारं केलं तर मी दिवसभर करू काय?

संध्याकाळी मासेवाली आली. महिन्याभराचं सगळं बोलून झाल्यावर बांगडे काढले. ताजे, डोळे स्वच्छ, अंगावर अजून हिरवट झाक. घासाघीस केली, कारण न केल्यास तिलाही बरं वाटत नाही. तिरफळं घालून आमटी केली. भात एका माणसाचा टाकायचा हे महिन्याभरात विसरायला झालं होतं, उरलेला सकाळी फोडणीला गेला.

ताईचा फोन आला तेव्हा मी जेवून उठले होते. पोचल्याचा फोन मीच करायचा असतो आणि तो मी केला नव्हता, म्हणून आधी तेवढं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "किती गंजलंय?" मी बिजागरीचं सांगितलं. ती जिंकल्यासारखी हसली. मग म्हणाली, शिमग्याला आम्ही येतो, दोघंही. यांना पालखी नाचवायची आहे. मी म्हटलं, गुडघे? ती म्हणाली, ते म्हणतात कोकणात गेलं की गुडघे सुटतात. मग बराच वेळ आम्ही पालखीच्या दिवशी जेवायला किती माणसं धरायची यावर बोललो आणि ती म्हणाली वाघ्या घेवडा पुरणार नाही, येताना आणखी आणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी रिकामी करताना तिखटमिठाची पुडी हाताला लागली. कागद ओला, आत एकच तांबडा खडा. तो तसाच बांगड्यांच्या उरलेल्या आमटीत टाकला. पेढे वाटून आले. मासेवालीलाही दोन ठेवले.

आता शिमग्याच्या आत करायची कामं पुष्कळ आहेत. सुतार बिजागरी बघून गेला आणि बिजागरीबरोबर चौकटही गेलीय असं सांगून गेला. गजांना रंग. पोफळं गोळा करून अंगणात वाळत घातली आहेत, पण ती सोलायला आता बाई मिळत नाही, मिळाली तर तिचा दर ऐकून आपणच सोलावीत असं वाटतं. नारळ पाडायला माणूस हवा. आमचा नेहमीचा गडी वयामुळे चढत नाही, त्याचा मुलगा मुंबईला. अख्ख्या पाटात माडावर चढणारी दोनच माणसं उरली आहेत आणि ती दोघं सगळ्या गावाला पुरतात. त्यातल्या एकाला काल रस्त्यात गाठलं. "येतो काकी, गुरुवारी नक्की," म्हणाला. कुठल्या गुरुवारी ते बोलला नाही.